उभ्या विमानाचा वेग

चिकलठाण्याच्या विमानतळावर लांबून आलेलं विमान उभं आहे. इंजिनं बंद झाली आहेत, चाकांना पुढूनमागून ठोकळे लागले आहेत, शिडीवरून प्रवासी उतरताहेत. भिंतीपलीकडे मुकुंदवाडी आपल्या कामात आहे. आणि कॉकपिटमधला एक आकडा सांगतो आहे की विमान सहा नॉट, म्हणजे ताशी अकरा किलोमीटर वेगानं सरकतं आहे. सायकलवाल्याच्या वेगानं. यंत्र बिघडलेलं नाही. पाच तासांच्या प्रवासात त्यानं चुकत चुकत जी बेरीज केली, तिचा हा शिल्लक हिशेब.

मुकुंदवाडीच्या लोकांना विमान नवं नाही. डोक्यावरून खाली येणारी पोटं त्यांनी किती तरी वर्षं पाहिली आहेत. २६ एप्रिल १९९३ ही तारीखही इथे कुणाला सांगावी लागत नाही. उड्डाण घेणारं इंडियन एअरलाइन्सचं ७३७ धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकलं आणि ५५ माणसं गेली. तो अपघात वेगळ्या कारणांचा, त्याचा या गोष्टीशी संबंध नाही. ही गोष्ट आहे ती सुखरूप उतरलेल्या विमानांची, आणि दोन उड्डाणांच्या मधल्या तास-दीड तासाची.

आधी यंत्र काय करतं ते पाहू. मुकुंदवाडीच्या चौकात उभं राहून कुणी डोळ्यांवर घट्ट पट्टी बांधली आणि जालना रोडनं पूर्वेला चालू लागला, तर आपण कुठे पोचलो हे त्याला कसं कळेल? पावलं मोजून आणि कुठे किती वळलो ते लक्षात ठेवून. विमानातली इनर्शियल यंत्रणा, जिला वैमानिक नुसतं आयएनएस म्हणतात, नेमकं हेच करते. तिला खिडकी नाही, अँटेना नाही, बाहेरून येणारा कुठलाही संदेश तिला लागत नाही. विमानाला बसलेला प्रत्येक हिसका त्वरणमापक मोजतो. हिसक्यांची बेरीज म्हणजे वेग, वेगाची बेरीज म्हणजे अंतर. वळलो किती, हे भोवऱ्यासारखे फिरणारे जायरो सांगतात. बस, एवढंच.

अडचण बेरजेत आहे. पाऊल मोजताना दर पावलाला केसभर चूक झाली, तरी शेंद्र्याला पोचेपर्यंत ती वावभर होते. जायरो तासाला अंशाच्या शंभराव्या भागाइतका सरकला, तर ही कारागिरी उत्तम समजली जाते. पण पृथ्वीवर एक अंश म्हणजे ६० सागरी मैल. तेव्हा या उत्तम कारागिरीतही तासाला अर्ध्या मैलाहून जास्त फरक पडणारच. तासाला एक सागरी मैल धरला, तर मुंबईहून लंडनला पोचेपर्यंत नऊ-दहा मैल, म्हणजे सतरा-अठरा किलोमीटर. यंत्राला वाटतं आपण मुकुंदवाडीत आहोत आणि प्रत्यक्षात असतो करमाडच्या आसपास, असा हा प्रकार.

एवढी चूक कुणी चालवून का घेतली? कारण त्याआधी जे होतं, ते पाहिलं तर हा चमत्कारच वाटावा.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेलं. त्या काळच्या लांब पल्ल्याच्या विमानात नॅव्हिगेटर नावाचा एक स्वतंत्र माणूस असे. टेबलावर नकाशा, हातात पट्टी-पेन्सिल. रात्री सेक्स्टंटनं तारे धरायचे, कोष्टकांतून आकडे काढायचे आणि नकाशावर फुली मारायची. फुली मारून होईपर्यंत विमान पुढे गेलेलं असायचं. १९६० साली ७०७ आलं, वेग ताशी साडेआठशे-नऊशे किलोमीटरवर गेला आणि तिथे तर पाच मिनिटांचा उशीर म्हणजे सत्तर किलोमीटर. जमिनीवर रेडिओचे दीपस्तंभ होते, पण ते जिथे होते तिथेच. महासागरावर आणि वाळवंटावर कोण बसवणार?

आपण नेमके कुठे आहोत याचा अंदाज किती महागात पडतो, याचा धडा एअर इंडियाला एकाच डोंगरानं दोनदा दिला. ३ नोव्हेंबर १९५० रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ आल्प्समधल्या मों ब्लांवर आदळलं. ४८ माणसं गेली. २४ जानेवारी १९६६ रोजी ७०७ जातीचं ‘कांचनगंगा’ मुंबई-दिल्ली-बैरूत करून जिनिव्हाला उतरायच्या बेतात होतं. बैरूतहून निघताना रेडिओ-दीपस्तंभांचे संदेश घेणाऱ्या त्याच्या दोन व्हीओआर ग्राहकांपैकी एक बंद होता. वैमानिकाला वाटलं, मों ब्लां मागे पडला. जिनिव्हाचा नियंत्रक रडारवर पाहून सांगत होता की तो अजून पाच मैल पुढे आहे. त्या संवादात कुठे तरी अर्थ निसटला आणि ११७ माणसं गेली. त्यांत होमी भाभा होते. हिमनदी अजूनही त्या विमानातल्या वस्तू खाली आणून सोडते. २०२० साली तिनं भारतातली वर्तमानपत्रं परत दिली, इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याची बातमी छापलेली.

पाच मैल. या आकड्याकडे परत यावं लागेल.

इकडे अमेरिकेत चार्ल्स स्टार्क ड्रेपर नावाचा एमआयटीचा प्राध्यापक बिनखिडकीच्या दिशादर्शनाच्या मागे लागला होता. ८ फेब्रुवारी १९५३ रोजी त्यानं बी-२९ विमानात टनाहून जास्त वजनाचं यंत्र चढवलं आणि मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्डहून लॉस एंजेलिसला, अख्खा खंड ओलांडून, त्या यंत्राच्या भरवशावर गेला. त्याच्या आधी तीस वर्षं, १९२३ मध्ये, माक्स शूलर या जर्मन अभियंत्यानं त्यामागची कळीची गोष्ट दाखवून ठेवली होती. त्वरणमापक बसवलेली पाटी जराशी कलली, की गुरुत्वाकर्षणाचा थेंब आत झिरपतो आणि यंत्राला तो हिसकाच वाटतो. यावर उपाय असा की पाटी अशी बांधायची जणू पृथ्वीच्या त्रिज्येएवढ्या दोरीला टांगलेला लंबक. असा लंबक ८४ मिनिटांत एक झोका पुरा करतो. मग ही चूक बेफाम वाढत नाही, झोपाळ्यासारखी पुढेमागे होत राहते. चिकलठाण्याला उभ्या असलेल्या त्या विमानातला सहा नॉटचा आकडा म्हणूनच स्थिर नसतो. यंत्र चालूच ठेवलं, तर वीसेक मिनिटांनी तो शून्यावर येईल आणि चाळीसेक मिनिटांनी विमान उलट्या दिशेला निघालेलं दिसेल.

ड्रेपरच्या प्रयोगशाळेनं पुढे अपोलोच्या चंद्रयात्रेचं मार्गदर्शन आखलं. त्याची यंत्रं घडवली जनरल मोटर्सच्या मिलवॉकीतल्या एका विभागानं आणि त्याच विभागानं प्रवासी विमानांसाठी ‘करूसेल ४’ बनवलं. करूसेल म्हणजे जत्रेतला फिरता घोड्यांचा पाळणा. नाव उगाच नव्हतं. जायरो आणि त्वरणमापकांची पाटी त्यात मिनिटाला एक फेरा याप्रमाणे सावकाश फिरत राही. एखादा जायरो एका बाजूला ओढत असेल, तर अर्ध्या मिनिटानं तीच ओढ दुसऱ्या बाजूला पडे, आणि जमाखर्च बराचसा फिटून जाई. चूक काढून टाकता येत नसेल, तर तिला गोल फिरवा. ही युक्ती आजही वाचली तरी हसू येतं आणि आदरही वाटतो.

जानेवारी १९७० मध्ये बोईंग ७४७ प्रवासी सेवेत आलं, ते अशी तीन-तीन यंत्रं घेऊनच. १९७१ च्या एप्रिलमध्ये एअर इंडियाचं पहिलं ७४७, ‘सम्राट अशोक’, सांताक्रूझला उतरलं. खिडक्यांभोवती रंगवलेले झरोके, आतली सजावट, वर जाणारा जिना यांचं कौतुक तेव्हा घरोघरी झालं. कॉकपिटमध्ये एक खुर्ची कमी होती, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. दोन वैमानिक आणि एक फ्लाइट इंजिनिअर. नॅव्हिगेटर गेला. तारे ओळखणाऱ्या माणसाच्या जागी बटणांचा एक छोटा डबा आला. त्यात एका वेळी वाटेवरचे नऊ बिंदू मावत. नऊ संपत आले की पुढचे भरायचे, अक्षांश-रेखांशाचा एकेक आकडा दाबून.

पण या डब्याची एक अट होती. उडण्याआधी त्याला सांगावं लागे की तू आत्ता इथे आहेस.

इथे एक मजेची गोष्ट घडते. विमान स्थिर उभं असताना यंत्र पृथ्वीचं फिरणं ओळखू शकतं; तासाला पंधरा अंश. त्या फिरण्याच्या दिशेवरून उत्तर कुठे आहे ते त्याला कळतं, आणि फिरण्याच्या कलावरून आपण कुठल्या अक्षांशावर आहोत तेही. रेखांश मात्र त्याला कधीच कळत नाही. कळणं शक्यच नाही. पृथ्वीच्या फिरण्यात मुंबई आणि मुकुंदवाडी यांत फरक करण्यासारखं काहीच नाही. रेखांश ही माणसानं काढलेली रेघ आहे आणि ती माणसालाच सांगावी लागते. जुने ज्योतिषी हे चांगलं ओळखून होते. चाळीसगावजवळच्या पाटणशी ज्यांचं नाव जोडलं जातं त्या भास्कराचार्यांच्या गणितात लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र यांवरून जाणारी मध्यरेषा ही शून्याची रेघ होती आणि तिच्या पूर्वेला-पश्चिमेला किती, याचा ‘देशांतर’ संस्कार प्रत्येक गावानं आपापला करून घ्यायचा असे. उज्जैनचा रेखांश धरला तर ती रेघ आपल्याकडे बदनापूर आणि जालन्याच्या मधून कुठून तरी जाते. चिकलठाण्याची धावपट्टी तिच्या पश्चिमेला सुमारे चाळीस किलोमीटरवर. ग्रीनिचनं मान मिळवला नसता, तर इथे उतरणाऱ्या वैमानिकाला जेमतेम बावीस-तेवीस कलांचा (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आकडा भरावा लागला असता.

आज तो भरतो १९ अंश ५१.८ कला उत्तर, ७५ अंश २३.९ कला पूर्व. हे आकडे स्टँडप्रमाणे, म्हणजे विमान उभं करायच्या जागेप्रमाणे, किंचित बदलतात. विमानतळांच्या अधिकृत माहितीपुस्तकात प्रत्येक स्टँडचे अक्षांश-रेखांश छापलेले असतात, आणि मोठ्या विमानतळांवर विमानाच्या नाकासमोर त्याची पाटीच लावलेली असते. घरावरच्या नंबरासारखी.

दोन उड्डाणांच्या मधलं काम या पाटीपासून सुरू होतं. विमान स्टँडवर थांबलं की इंजिनं बंद करतानाच वैमानिक तिन्ही यंत्रांना विचारतो, तुम्हाला आपण कुठे आहोत असं वाटतं? एक म्हणतं चार मैल उत्तरेला, दुसरं सहा मैल नैर्ऋत्येला, तिसरं बरोबर स्टँडवर. प्रत्येकाचा फरक मैलांत, उभ्या विमानाचा उरलेला वेग नॉटमध्ये, आणि उड्डाणाचे तास अशी नोंद टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत होते. ७४७ च्या काळातला अमेरिकी नियम असा होता की दहा तासांपर्यंतच्या उड्डाणात शंभरातल्या ९५ वेळा चूक तासाला दोन सागरी मैलांच्या आत राहिली पाहिजे. त्याहून लांबच्या प्रवासात वाटेच्या आडव्या अंगाला २० मैल आणि उभ्या अंगाला २५ मैल. एकदा जास्त भरकटलं तर लक्ष ठेवायचं, पुन्हा तसंच झालं तर तंत्रज्ञ डबा उपसून दुसरा बसवतात. आधुनिक एअरबसमध्ये उभ्या विमानाचा वेग दोन उड्डाणांत लागोपाठ पंधरा नॉटवर गेला, तर यंत्र संशयित ठरतं. रुग्णाच्या खाटेच्या पायाशी टांगलेल्या तापाच्या तक्त्यासारखी ही वही. एका दिवसाचा ताप काही सांगत नाही. आठवड्याची रेघ सांगते.

मग पुसायचं. लांबच्या उड्डाणाआधी यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करायचं, स्टँडचे आकडे नव्यानं भरायचे, आणि त्याला स्वस्थ बसू द्यायचं. जुन्या यंत्रांना यासाठी पंधरा-सतरा मिनिटं लागत. आजच्यांना विषुववृत्ताजवळ पाचेक मिनिटं पुरतात, उत्तरेला सरकावं तसा वेळ वाढतो. या वेळात विमान हलवायचं नाही. थांबा थोडा असेल, तर छोटी वाट आहे. दिशा आहे तशी ठेवून फक्त साठलेला वेग शून्यावर आणायचा आणि जागा दुरुस्त करायची. घाईच्या दिवसात हा मोह होतोच. पण त्यात यंत्रातली कललेली पाटी पुरती सरळ होत नाही, आणि पुढचं उड्डाण रात्रभर समुद्रावरून असेल तर मागची उधारी पुढे चालू राहते.

आकडे भरणारा माणूसच असल्यामुळे चुकणारही माणूसच. चिकलठाण्याला ७५ च्या जागी ५७ दाबलं गेलं, तर यंत्राच्या लेखी विमान ओमानमध्ये, दुक्म बंदराजवळच्या वाळवंटात उभं असेल. अक्षांश चुकला तर ते पृथ्वीचं फिरणं तपासून तक्रार करतं. रेखांश चुकला तर त्याला विचारायला कुणी नाही. म्हणून पुढच्या यंत्रांना एक सवय लावली: मागच्या वेळी बंद होताना आपण कुठे होतो ते आठवायचं आणि नवा आकडा फार लांबचा असेल तर इशारा द्यायचा.

इशारा दिला तरी माणूस ऐकतोच असं नाही. १० मार्च २०१५ रोजी सिडनीत एअरएशिया एक्सच्या ए-३३० च्या कप्तानानं १५१ अंश ०९.८ कलांऐवजी १५ अंश १९.८ कला भरलं. एक शून्य जागा चुकलं आणि यंत्राच्या लेखी विमान ११,००० किलोमीटरहून लांब, केपटाउनच्या पश्चिमेला अटलांटिक समुद्रात गेलं. इशारे आले, ते बाजूला सारले गेले. उडाल्यावर विमान भलतीकडे वळलं, शेजारच्या धावपट्टीची वाट कापून गेलं, एकेक यंत्रणा गळत गेली. निघाले होते क्वालालंपूरला, उतरले मेलबर्नला.

सम्राट अशोकाचा शेवट सगळ्यांना माहीत आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री दुबईला निघालेलं ते विमान सांताक्रूझहून उडाल्यावर दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात पडलं. २१३ माणसं गेली. कप्तानासमोरचं क्षितिज दाखवणारं उपकरण उजवीकडे कलून अडकलं होतं आणि बाहेर काळोख. उपकरणावर विश्वासून तो विमान डावीकडे कलवत गेला. शेजारच्या वैमानिकाचं उपकरण बरोबर दाखवत होतं. फ्लाइट इंजिनिअरनं लक्ष वेधायचा प्रयत्न केला, पण वेळ उरला नव्हता. हे भरकटण्याचं प्रकरण नव्हे. तरी तीन यंत्रं बसवण्यामागचा जो विचार, एकाचं खोटं दुसऱ्यानं पकडावं, तो त्या रात्री माणसांच्या पातळीवर पोचला नाही.

१ सप्टेंबर १९८३ चं प्रकरण आणखी वेगळं. कोरियन एअरलाइन्सचं ७४७ अँकरेजहून सोलला निघालं. त्याची तिन्ही यंत्रं ठाकठीक होती, पण ऑटोपायलट त्यांच्या हवाली झालाच नाही. ते एकाच दिशेला जात राहिलं. वाट सुटत सुटत पाचशे किलोमीटरवर गेली, सोव्हिएत हद्दीत शिरली, आणि सखालिनजवळ लढाऊ विमानानं ते पाडलं. २६९ माणसं. त्याच महिन्यात रेगन सरकारनं जाहीर केलं की अमेरिकी लष्कराची जीपीएस यंत्रणा पुरी झाल्यावर नागरी वापराला खुली राहील.

लेसरच्या किरणांवर चालणारे, फिरतं अंग नसलेले जायरो त्याच सुमारास ७५७ आणि ७६७ मध्ये आले, आणि पुढच्या दशकात जीपीएस. आता आकाशातून क्षणोक्षणी जागा कळू लागली आणि यंत्राची भरकट तिथल्या तिथे झाकली जाऊ लागली. भारतानं इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाच्या मदतीनं जीपीएसला पूरक असं ‘गगन’ उभं केलं. २८ एप्रिल २०२२ रोजी इंडिगोचं एटीआर त्याच्या आधारे किशनगढला उतरलं. टेक लॉगमधल्या त्या नोंदी एक औपचारिकता वाटू लागल्या. तरुण वैमानिकांनी उभ्या विमानाचा वेग वाढलेला क्वचितच पाहिला.

मग २०२३ च्या सप्टेंबरात इराकच्या आकाशात काही विमानांना एकाएकी वाटलं की आपण दुसरीकडेच आहोत. जमिनीवरून कुणी तरी खोटा जीपीएस संदेश पाठवत होतं. जीपीएसचा संदेश नुसता दडपला असता तर यंत्रं आपली आपण पावलं मोजत राहिली असती. पण हा संदेश खऱ्यासारखा होता, आणि जीपीएसशी सल्लामसलत करून चालणाऱ्या यंत्रांनी तो गिळला. काही वैमानिकांना आपण कुठे आहोत हे नियंत्रकाला विचारावं लागलं. नोव्हेंबरात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं (डीजीसीए) भारतीय कंपन्यांसाठी परिपत्रक काढलं. २०२५ च्या मार्चमध्ये नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी लोकसभेत सांगितलं की नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूकडे, अशा ४६५ घटना नोंदल्या गेल्या.

अमृतसरकडे भरकट काही मैलांची झाली तर पलीकडे कुठली हद्द आहे, हे वेगळं सांगायला नको. मों ब्लांच्या कथेतले पाच मैल इथे परत येतात.

तेव्हा पाट्यांना पुन्हा मान आला आहे. शंका असेल तिथे उतरलेल्या विमानात जुनं काम जुन्या पद्धतीनं होतं: जीपीएसनं दिलेली जागा स्टँडच्या पाटीशी ताडून पाहायची, घड्याळ तपासायचं, यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करायचं.

चिकलठाण्याहून हजयात्रेची विमानं जेद्दाला गेली आहेत. पाचेक तासांचा प्रवास, अर्ध्याहून जास्त वाट समुद्र आणि वाळवंटावरून. त्या आधीची काही मिनिटं यंत्र फक्त एकच गोष्ट मोजत असतं. धावपट्टी, भिंत, मुकुंदवाडी आणि ठोकळे लावलेलं विमान, हे सगळं पृथ्वीबरोबर पूर्वेला चाललेलं आहे, ताशी सुमारे १,५७० किलोमीटर वेगानं. हा वेग नीट वजा झाला, की कॉकपिटमधला आकडा शून्यावर येतो.